जवसाचा डबा

सुगतने आजोबांची जन्मतारीख विचारली, तेव्हा क्षमाला वाटलं, पोरगं परतीच्या वाटेला लागलं.

सोमवारची ईमेल होती. सोमवार हा त्याचा मोकळा दिवस. कपडे धुवायचे, बाजारहाट करायचा, घरी पत्र लिहायचं, एवढ्यासाठी मिशनऱ्यांना तो दिलेला असतो. बाकीचे सहा दिवस तो आणि त्याचा जोडीदार केम्निट्समध्ये दारोदार फिरत, ट्रामच्या थांब्यावर अनोळखी माणसांशी बोलत, आणि कुणी घरात घेतलंच तर त्याच्या सोफ्यावर बसून येशूबद्दल सांगत. अंगात गडद सूट, पांढरा शर्ट आणि छातीवर काळी पट्टी: एल्डर रामटेके.

"एल्डर म्हणजे ज्येष्ठ ना?" पहिला फोटो पाहून तिचा नवरा कबीर म्हणाला होता. "एकविसाव्या वर्षी ज्येष्ठ नागरिक. बसमध्ये लोक उठून जागा देत असतील."

क्षमा तेव्हा हसली नव्हती. आता वर्ष होत आलं होतं, आणि हसणं, न हसणं यांत फारसा फरक उरला नव्हता.

'आई,' त्या सोमवारी सुगतने लिहिलं होतं, 'आजोबांची सगळी माहिती लिहून पाठवशील? जन्म कधी, कुठे, आईवडिलांची नावं, लग्न, मृत्यू. पणजीचीही. मला आपला स्टामबाउम करायचाय.'

स्टामबाउम म्हणजे वंशवृक्ष. वोल्फ्सबुर्गमध्ये वाढलेल्या ज्या मुलाने शाळेत असताना नागपूरबद्दल एकदाही आपणहून विचारलं नव्हतं, त्याला आता वंशवृक्ष हवा होता. क्षमाने गुरुवारची वाटसुद्धा पाहिली नाही. एरवी ती गुरुवारी लिहायची. पिवळ्या पेटीत टाकलेलं पत्र त्याला शनिवारी मिळायचं. ती ईमेल करत नसे, हातानेच लिही. कारण सुगत देवनागरी वाचायला शिकला तो आजोबांच्या अक्षरावरून. लॉकडाउनमध्ये क्षमाचे बाबा पाच महिने इथे अडकले होते. पोस्टात सॉर्टर म्हणून आयुष्य काढलेला माणूस, त्याला रिकामं बसवत नव्हतं. त्यांनी सोळा वर्षांच्या नातवाला जेवणाच्या टेबलाशी बसवलं आणि रोज एक पोस्टकार्ड लिहून वाचायला दिलं. पत्ता कायम एकच: सुगत रामटेके, समोरची खुर्ची.

क्षमा ज्या प्रयोगशाळेत काम करायची तिथे धातू थकवत. गाडीच्या एखाद्या भागातला दांडा यंत्रात धरायचा, सेकंदाला तीस वेळा ओढायचा-सोडायचा, आणि कितव्या लाखाला त्याला तडा जातो ते पाहायचं. दहा लाख फेऱ्यांना सव्वानऊ तास लागतात. तेवढ्या वेळात माणसाला करण्यासारखं थोडंच असतं. तिने चौकटीच्या कागदाची वही ओढली आणि यंत्राशेजारी बसून चार पानं लिहिली.

'आजोबा, विठ्ठल. जन्म १ जून १९३९, उमरेड. ही तारीख हेडमास्तरांनी दिलेली. त्यांच्या वर्गातली निम्मी मुलं १ जूनलाच जन्मली होती. आजोबांना विचारलं की ते १४ ऑक्टोबर १९५६ सांगायचे, दीक्षेचा दिवस. म्हणायचे, त्याआधीचा जो होता तो मला ओळखत नाही.'

पणजीपाशी ती अडली. कांताआजीचं जन्मसाल कुणीच नोंदवलं नव्हतं. पण माहिती नसणं आणि काढता न येणं यांत फरक असतो, हे क्षमाच्या हाडात मुरलेलं. आजी सांगायची, मानमोडीच्या साथीत माझी माय गेली तेव्हा मी पाच वर्षांची होते. मानमोडी आली १९१८ च्या पावसाळ्यानंतर. अठरातून पाच गेले तेरा. क्षमाने लिहिलं: '१९१३, एखादं वर्ष इकडे-तिकडे.' खाली ते कसं काढलं तेही लिहिलं. त्या ओळीचा तिला अभिमान वाटला.

सुगत मॉर्मन पंथाचा ख्रिस्ती झाला तेव्हा एकोणीस वर्षांचा होता, हानोवरला पहिल्या वर्षाला. आजोबांना जाऊन दीड वर्ष झालं होतं. त्याने विचारलं नाही, कळवलं. बाप्तिस्म्यासाठी पाण्यात उतरताना आईबाप हजर असावेत असं वाटलं म्हणून त्यांना बोलावलं, आणि ती दोघं गेली, पहिल्या रांगेत बसली, नंतर केकही खाल्ला. त्यानंतर तो चहा पिईनासा झाला. मिशनवर निघायच्या आदल्या दिवशी त्याने तिने चहासाठी काढलेल्या कपातून गरम पाणी प्यायलं. क्षमाला धर्माचं एवढं लागलं नव्हतं.

पहिले काही महिने पत्रांतून वाद झाला. 'तुला कसं कळतं की हे खरं आहे?' तिने विचारलं होतं. 'प्रार्थना केली की छातीत ऊब येते,' त्याचं उत्तर. 'ऊब कॉफीनेही येते,' तिने लिहिलं. 'आम्ही कॉफी पीत नाही, म्हणून तर तो व्हेरिएबल गेला,' त्याने लिहिलं, आणि ती प्रयोगशाळेत एकटीच हसली होती. पण तिने फार रेटलं तेव्हा एका सोमवारी आलं: 'आई, तू दांडा तुटेपर्यंत ओढतेस. ते तुझं काम आहे. माझ्यावर नको ना करूस.' तेव्हापासून तिने ओढणं सोडलं. पत्रांत हवा, जेवण, सायकलचं पंक्चर एवढंच उरलं. त्याने सोमवारी लिहायचं, तिने गुरुवारी. त्यातच दिवस काढायचे.

म्हणून वंशवृक्ष निघाल्यावर तिने चार पानं लिहिली.

उत्तर तीन आठवड्यांनी आलं, ऑक्टोबरच्या शेवटच्या सोमवारी.

'आई, तुझी पानं तीनदा वाचली. मानमोडीचं गणित माझ्या जोडीदारालाही समजावून सांगितलं. आता छान बातमी. बुधवारी आम्हाला मंदिरात जायला मिळालं, आणि पणजीचा बाप्तिस्मा झाला. आमच्याकडे मृतांसाठीही करता येतो, कुणी जिवंत माणूस त्यांच्या जागी उतरतं. बाईसाठी बाईच लागते, म्हणून लेना नावाची आमच्या इथली मुलगी उतरली. सगळे पांढऱ्या कपड्यांत होते, आजोबा दीक्षेचं सांगायचे तसे. नाव मोठ्याने उच्चारतात. मी त्यांना कांता म्हणायला शिकवलं होतं, नीट म्हणाले. मी रडलो.

'आजोबांचं मात्र अडलंय. जन्म एकशेदहा वर्षांच्या आतला असेल तर सगळ्यांत जवळच्या जिवंत नातेवाइकाची परवानगी लागते. आजी नाही, तू एकुलती एक, म्हणजे तू. फक्त "हो" लिही, तेवढं पुरतं. बारा नोव्हेंबरला आम्ही परत जाणार आहोत. आजोबांच्या जागी मी स्वतः उतरेन. यात सक्ती कुणावर नाही गं. आम्ही फक्त दार उघडतो. आत यायचं की नाही ते तिथे ते ठरवतात. मला एवढंच वाटतं, की ते माझ्या बाजूला असावेत. तुझा सुगत.'

क्षमाने ते दोनदा वाचलं. मग उठून यंत्राचा आकडा पाहिला, वहीत लिहिला, परत बसली. राग यायला हवा होता. पण त्यालाही अंगात काहीतरी असावं लागतं. तिला फक्त तेरा हा आकडा दिसत होता. जन्मसाल अज्ञात असं लिहिलं असतं, तर कांताआजी आज वाचली असती. एकशेदहाच्या पलीकडे तिला ढकललं होतं ते क्षमाच्याच वजाबाकीने.

संध्याकाळी कबीर घरी आला तेव्हा ती ओट्यापाशी कांदा चिरत होती. तिने फोन त्याच्यापुढे सरकवला. तो उभ्यानेच वाचत राहिला.

"उतरली म्हणजे? पूर्ण?"

"डोक्यासकट."

"कांताआजी?"

"लेना. पण कांताआजी म्हणून."

कबीरने खुर्ची ओढली. "तू सांगायचीस ना, त्या ओढासुद्धा कुणाचा हात धरल्याशिवाय ओलांडायच्या नाहीत."

"हो."

"आल्झो," तो म्हणाला. गेली वीस वर्षं काही सुचलं नाही की तो आल्झो म्हणायचा. "मग बाबांसाठी 'नाही' लिही. दोन अक्षरं आहेत."

"आणि त्याने सोमवारी लिहायचं थांबवलं तर?"

"मग 'हो' लिही. ते तर एकच अक्षर आहे." तिने वर पाहिल्यावर तो थोडा नरमला. "हे बघ, गंमत नाही करत. आपल्यात आत्माच मानत नाहीत. जो नाहीच त्याला कुणी कुठल्या पाण्यात बुडवलं, काय फरक पडतो? बाबाच म्हणाले असते."

"थिअरी बरोबर आहे."

"मग?"

"आत्मा नाही. पण नाव आहे ना."

 कबीर कांद्याची ताटली आपल्याकडे ओढून उरलेला कांदा चिरू लागला. "एक सांगू? धर्म बदलायची आपल्या घरात परंपराच आहे. बाबा सतरा वर्षांचे होते. त्यांनी तरी कुठे कुणाची परवानगी घेतली?"

नेमका तोच काटा होता, आणि तो तिला दिवसभर टोचत होता.

बाबांनी परवानगी घेतली नव्हती. दीक्षाभूमीवरून ते घरी आले ते बावीस प्रतिज्ञा तोंडपाठ करूनच. दुसऱ्या दिवशी घरातले देव फडक्यात बांधले आणि नदीत सोडले. कांताआजी पांढरं लुगडं नेसून मुलामागे काठापर्यंत गेली, आणि काही बोलली नाही. सुगत आणि बाबा, दोघंही खरं काय ते कळून घरी आलेले मुलगेच. एकाला क्षमाने डोक्यावर घेतलं होतं. दुसऱ्याला कोणत्या तोंडाने नाही म्हणायचं?

मंगळवारी तिने पाच पानं लिहिली. स्वातंत्र्य, संमती, इतिहास, सगळं मुद्देसूद. बुधवारी सकाळी वाचली तर ती एखाद्या अहवालासारखी होती. फाडली. बुधवारी दुपारी फक्त 'हो' लिहून पाहिलं. ते अक्षर कागदावर इतकं हलकं दिसलं की तिला भीती वाटली. तेही फाडलं.

संध्याकाळी ती खाली केलरमध्ये गेली. तळघरातल्या त्यांच्या वाट्याच्या जाळीदार खोलीत सायकली, स्कीचे बूट आणि बाबा गेल्यावर नागपूरहून आणलेल्या दोन बॅगा होत्या. दुसऱ्या बॅगेत तळाशी डबा होता. पितळी, बुटका, झाकण घट्ट. कांताआजीचा जवसाचा डबा.

आजी गेली तेव्हा क्षमा बारा वर्षांची होती. तेराव्याबिराव्याचा प्रश्न नव्हता. बाबा स्वयंपाकघरात आजीची भांडी लावत होते आणि ती मदत करत होती. बाबांनी डबा उघडला, जवसात हात घातला आणि न शोधता, जणू रोजचंच असावं तसं, देवीचा टाक बाहेर काढला. नदीत सोडायच्या देवांतला एक. फडक्यात बांधण्याआधीच आजीने काढून ठेवलेला.

"तुम्हाला माहीत होतं?" क्षमाने विचारलं होतं.

"छप्पन सालापासून."

"मग आजीला कधी बोलला नाहीत?"

बाबांनी टाक सदऱ्याला पुसला. "तिने सांगितलं नाही, मी विचारलं नाही. देव मानणार नाही ही प्रतिज्ञा माझी होती. डबा मायचा होता." आणि त्यांनी टाक परत जवसात ठेवला, वरून जवस सारखं केलं, झाकण लावलं.

डब्यात आता इथलं जवस होतं, सुपरमार्केटमध्ये लाइनझामेन म्हणून पाकिटात मिळतं ते. जुन्याला कीड लागली तेव्हा तिने बदललं होतं. त्याच सुमारास आणखी एक गोष्ट तिने केली होती, जी कबीरलाही सांगितलेली नव्हती. एका जेवणाच्या सुटीत तिने टाक खिशात घालून प्रयोगशाळेत नेला आणि क्ष-किरणांच्या यंत्राखाली ठेवला. धातू न खरवडता त्यात काय काय आहे ते ते यंत्र सांगतं. तिला कुतूहल होतं, बस. अर्ध्या मिनिटात उत्तर आलं. चांदीचा पातळ मुलामा, आणि खाली तांबं आणि जस्त, म्हणजे पितळ. कांताआजी त्याला चांदीचा म्हणायची. तिच्या आईने, मानमोडीत गेलेल्या त्या बाईने, तिच्यासाठी म्हणून ठेवलेला चांदीचा टाक. क्षमाने पडद्यावरचं ते मोजमाप जपून न ठेवता पुसून टाकलं होतं. वीस वर्षांच्या नोकरीत पुसलेलं एकमेव.

तिने डबा वर आणला, ओट्यावर ठेवला, आणि गुरुवारी यंत्राशेजारी बसून पत्र लिहिलं.

'प्रिय सुगत,

'नाही.

'हे आधी लिहिलं, म्हणजे तुला शेवटपर्यंत वाट पाहावी लागणार नाही. तू म्हणतोस, आजोबा तिथे हो किंवा नाही ठरवतील. ते त्यांनी इथेच ठरवलं होतं, सतराव्या वर्षी, मोठ्याने, सगळ्यांदेखत. त्यांना पुन्हा विचारायचं असेल तर ते जिवंत असताना विचारायला हवं होतं. तू त्यांच्यासमोर पाच महिने बसलास. त्यांनी वाद घातला असता, आणि मग तुला जेवायला वाढलं असतं.

'मला खरी काळजी पणजीची आहे. तुझ्या त्या दाराशी तिला कुणी बोलावलं तर ती जाईल. माझ्या आजीने आयुष्यात कुणाला नाही म्हटलं नाही. मुलगा म्हणाला पांढरं नेस, ती नेसली. म्हणून तिच्या बाबतीत हो-नाहीला अर्थ नसतो. तिला जे वाटायचं ते ती डब्यात ठेवायची.'

मग तिने डब्याची गोष्ट लिहिली. बाबांचं वाक्य होतं तसंच लिहिलं. मुलाम्याचं लिहिलं नाही.

'पणजीचं झालं ते झालं. ते मागे घे म्हणत नाही. तिचं साल मीच तुला काढून दिलं. लेनाला थंडी वाजली नसावी अशी आशा करते.

'तुझा नियम मी पुढेही वाचला. मी गेल्यावर आधी तुझ्या बाबांना विचारावं लागेल. ते नसतील तर तुला. म्हणजे माझ्या वेळी कदाचित तुला कुणालाच विचारायचं नसेल. त्याबद्दल मी आत्ता काही लिहून ठेवत नाही. मला थकवा आलाय रे, आणि मी गेल्यावरही तुझ्याशी वाद घालत बसायची माझी इच्छा नाही. डबा तुझ्याकडे येईल एवढं सांगते.

'जेवत जा. मोजे दोन घाल.

'आई.'

पत्र पेटीत पडलं तेव्हा तिला हलकं वाटेल असं वाटलं होतं. वाटलं नाही.

सोमवारी ईमेल आली नाही. एरवी अकराच्या आत यायची. बारा वाजता तिने यंत्राचा आकडा दोनदा लिहिला आणि एकदा खोडला. चारला कबीरचा मेसेज आला, फक्त प्रश्नचिन्ह. तिने 'नाही' पाठवलं आणि मग बराच वेळ त्या शब्दाकडे पाहत बसली. मंगळवारीही काही नाही. कबीर म्हणाला, पंक्चर झालं असेल. ईमेलला सायकल लागत नाही हे दोघांनाही माहीत होतं.

गुरुवारी ती कामावरून आली तर टपालपेटीत पाकीट होतं. पत्त्यातलं तिचं नाव देवनागरीत, बाकी जर्मनमध्ये. पोस्टमनने काय ओळखलं असेल कोण जाणे. सुगतने हाताने लिहिलेलं हे पहिलंच पत्र. त्याची देवनागरी वेडीवाकडी होती, पण त्यातला 'स' पोटात गाठ मारलेला, थेट बाबांचा. ती जिन्यातच, कोट न काढता, वाचू लागली.

'प्रिय आई,

'हाताने लिहायला तीन सोमवारांचा वेळ लागेल असं वाटलं होतं, पण एकाच सोमवारात अर्धं झालं, बाकीचं मंगळवारी नाश्त्याच्या आधी. म्हणून उशीर.

'मला वाईट वाटलं. लपवत नाही. मी अजून मानतो, की हे खरं आहे, आणि आजोबा त्या दाराशी उभे आहेत. जोडीदार म्हणाला, आईसाठी प्रार्थना कर. मी केली. ऊब आली नाही. फक्त तो डबा दिसत राहिला.

'आजोबांचं नाव मी यादीतून काढलं. बारा तारखेला मी मंदिरात जाईन, पण दुसऱ्या कुणासाठी. मीही गणित केलं. २०४९ नंतर त्यांच्यासाठी परवानगी लागणार नाही. मी पंचेचाळीस वर्षांचा असेन, तू शहात्तरची. हे मी कुठे लिहून ठेवलेलं नाही. पण लक्षात राहणार नाही असं म्हटलं तर ते खोटं होईल. तेव्हाही मी तुला विचारेन. नियम नसला तरी.

'तुझ्याबद्दल जे लिहिलंस त्याचं उत्तर मला येत नाही. ते पान मी घडी करून वेगळं ठेवलंय.

'एक विचारायचं होतं. डब्यातली देवी कशाची आहे? चांदीची ना? जवसात ठेवल्यावर काळी पडते का? रसायनशास्त्राच्या दृष्टीने विचारतोय.

'मोजे दोन घालतो.

'सुगत.'

क्षमा वर आली. कबीर अजून आला नव्हता. तिने कोट काढला, चहा टाकला, आणि ओट्यावरचा डबा थोडा बाजूला सरकवून चौकटीची वही उघडली. गुरुवारच होता. काळं पडण्याबद्दल तिला बरंच सांगता आलं असतं. हवेतलं गंधक, मुलाम्याची जाडी, जवसाचं तेल. तिने पेन कागदाला टेकवलं आणि चहा उतू जाईपर्यंत तसंच धरून ठेवलं. मग गॅस बंद केला, परत आली आणि लिहिलं:

'काळी पडत नाही. आणि हो, पणजी चांदीचीच म्हणायची.'